वॉन्लेस डॉक्टरांचा जमाखर्च

सांगलीहून मिरजेला जाताना विश्रामबाग मागे पडला की वानलेसवाडी लागते. त्या रस्त्याने रोज जा-ये करणाऱ्या अनेकांना हे नाव कुठून आले याची कल्पना नसते. इकडे वाड्यांना ग्रामदैवताचे, आडनावाचे नाहीतर झाडाचे नाव पडते. या वाडीला मात्र कॅनडात जन्मलेल्या एका शल्यविशारदाचे नाव पडले आणि ते लोकांनी आपल्या जिभेला सोयीचे करून घेतले. जुन्या पिढीत मिरजेला उपचारासाठी जाणे म्हणजे मिशन दवाखान्यात जाणे असाच अर्थ होता. तो दवाखाना डॉ. विल्यम जेम्स वॉन्लेस यांनी उभा केला. त्यांच्या शस्त्रक्रियांबद्दल बरेच बोलले जाते. मात्र त्यांनी या सगळ्यासाठी पैसे कसे उभे केले, कोणाकडून काय मागितले आणि कोणत्या आजारासाठी कोणाला सोबत घेतले, याकडे सहसा कोणी पाहत नाही. रुग्णालय चालवणाऱ्या माणसाला तो भाग अधिक शिकवून जातो.

वॉन्लेस यांचा जन्म १८६५ मध्ये कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात झाला. वैद्यकीय शिक्षण न्यूयॉर्कमध्ये. १८८९ साली पदवी मिळाली आणि त्याच वर्षी पत्नी मेरी यांच्यासह ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून हिंदुस्थानात आले. वय चोवीस. पहिला मुक्काम सांगली. तिथे मराठी शिकत त्यांनी छोटा दवाखाना सुरू केला आणि थोड्याच काळात मिरजेला मुक्काम हलवला.

तेव्हाचा नकाशा आजच्यासारखा नव्हता. सांगली जिल्हाच अस्तित्वात नव्हता. वाळवा आणि तासगाव हे तालुके इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात होते, तर सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. त्यामुळे एखाद्या डॉक्टरला या भागात काम करायचे तर एका सरकारशी बोलून भागत नसे. संस्थानिक वेगळे, इंग्रज कलेक्टर वेगळा, नदीपलीकडे कोल्हापूर वेगळे. रुग्णाला मात्र या हद्दींशी काही देणेघेणे नव्हते.

मिरज निवडण्यामागे एक फार व्यावहारिक कारण होते, ते म्हणजे रेल्वे. पुण्याहून दक्षिणेकडे जाणारी लोहमार्गाची रेषा मिरजेवरून गेली होती आणि १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटाही तिथूनच सुटला. ज्या काळात चालत किंवा बैलगाडीने वीस-पंचवीस मैल जाणे हा दिवसभराचा प्रवास होता, त्या काळात जंक्शनच्या गावी रुग्णालय असणे म्हणजे निम्मा उपचार झाल्यासारखेच. डोळ्यांनी दिसत नसलेली म्हातारी नातवाचा हात धरून गाडीत बसू शकत होती आणि उतरल्यावर टांगेवाल्याला कुठे जायचे हे सांगावेही लागत नव्हते.

डोळ्यांच्या रुग्णांनीच या दवाखान्याला नाव मिळवून दिले. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होणे. गावोगाव फिरून डोळ्यात सुई घालणारे लोक हे गढूळ भिंग आतच मागे ढकलत. रुग्णाला क्षणात उजेड दिसे आणि तो आनंदाने पैसे देई. पण पुढे जंतुसंसर्ग किंवा डोळ्यातला दाब वाढणे यामुळे अनेकांचा डोळा कायमचा जाई, आणि तोवर सुईवाला पुढच्या गावी गेलेला असे. १८८४ मध्ये व्हिएन्नात कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो हे समजले. त्याआधीच लिस्टरने जखम निर्जंतुक ठेवण्याची पद्धत दाखवून दिली होती. वॉन्लेस हे दोन्ही शिकून आलेल्या पहिल्या पिढीतले शल्यविशारद होते. डोळ्याला धारदार सुरीने छेद देऊन ते भिंग बाहेर काढत. नंतर डोळ्यांवर पट्ट्या बांधून रुग्णाला कित्येक दिवस हलू न देता झोपवून ठेवावे लागे. टाके घालून जखम बंद करण्याची आजची सोय तेव्हा नव्हती. एक जोराची शिंक किंवा खोकल्याची उबळ सगळे काम बिघडवू शकत असे. मग जाड भिंगाचा चष्मा, आणि गेलेली दृष्टी परत.

म्हणजे शस्त्रक्रिया काही मिनिटांची असली तरी खाट मात्र पुष्कळ दिवस अडकून राही. दवाखान्याच्या व्हरांड्यात हे काम भागण्यासारखे नव्हते. स्वच्छ शस्त्रक्रियागृह, पलंग, शिकलेल्या परिचारिका, पाण्याची सोय आणि रुग्णाच्या नातेवाइकांना चूल मांडायला जागा, एवढे सगळे लागणार होते. त्या काळी परक्या हातचे पाणी न पिणारे, दुसऱ्या जातीच्या स्वयंपाकाला न शिवणारे रुग्ण मोठ्या संख्येने येत. त्यांच्या चुलींचा विचार न करता रुग्णालय बांधले असते तर ते रिकामेच राहिले असते.

पैसा आला तो अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाहून. जॉन कॉन्व्हर्स हे तिथल्या बाल्डविन लोकोमोटिव्ह वर्क्स या रेल्वे इंजिनांच्या प्रचंड कारखान्याचे भागीदार आणि प्रेस्बिटेरियन मंडळींचे मोठे देणगीदार होते. इमारतीचा पैसा त्यांनी दिला. जमीन मिरज थोरल्या पातीचे संस्थानिक गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांनी दिली. डॉक्टरांचा पगार मिशनकडून. १८९४ मध्ये रुग्णालय सुरू झाले. रेल्वेने येणाऱ्या रुग्णांसाठी रेल्वेची इंजिने बनवणाऱ्याने घर बांधून दिले, हा योगायोग गमतीचा आहे.

या तिघांच्या भागीदारीकडे जरा थांबून पाहायला हवे. कॉन्व्हर्स यांना आपल्या धर्माचे काम दूरदेशी व्हावे असे वाटत होते. मिशनला रुग्णालयातून लोकांपर्यंत पोहोचायचे होते आणि त्यात धर्मप्रसाराचा हेतू उघड होता, तो लपवलेला नव्हता. पटवर्धन हे गणेशभक्त ब्राह्मण संस्थानिक. त्यांना तो धर्म नको होता, रयतेसाठी शल्यविशारद हवा होता. तिघांचे हेतू तीन दिशांना जाणारे, तरी दगड-चुन्याची भिंत एकच उभी राहिली. आज कंपन्यांचा सामाजिक निधी, एखादा धर्मादाय न्यास आणि जिल्हा प्रशासन एकत्र येऊन डायलिसिसचे केंद्र काढतात, तेव्हाही तिघांचे हेतू एक नसतात. ते एक असलेच पाहिजेत असा हट्ट धरणारे बहुधा काहीच उभे करत नाहीत. कोणी काय द्यायचे आणि कोणी कशात लुडबुड करायची नाही, एवढे स्पष्ट असले की पुरते. मिरजेत ते बऱ्याच अंशी स्पष्ट होते.

अडचण पुढची होती. देणगीदाराला इमारत आवडते, तिच्यावर कोनशिला बसवता येते. कापूस, क्लोरोफॉर्म, कंदिलाचे तेल, धोब्याची मजुरी आणि वॉर्डबॉयचा पगार यांवर कोणाचेही नाव कोरता येत नाही. दरवर्षी येणारा हा खर्च परदेशातून येणाऱ्या पैशावर अवलंबून ठेवणे धोक्याचे, कारण तिकडे मंदी आली की इकडचे मलमपट्टीचे कापड संपणार. वॉन्लेस यांनी यावर जुनाच पण नेटाने पाळायला कठीण असा मार्ग धरला. ज्याला परवडते त्याने पैसे द्यायचे, ज्याला परवडत नाही त्याला मोफत. व्यापारी, इनामदार, संस्थानिकांच्या घरचे लोक मिरजेला येऊ लागले आणि त्यांच्या फीमधून गरिबांच्या खाटा चालू लागल्या. शल्यविशारदाचा हात चांगला असेल तरच हे गणित जमते. श्रीमंत माणूस दयेपोटी शस्त्रक्रिया करून घेत नाही, गुण येतो म्हणून करून घेतो. मोतीबिंदू, मूतखडा, हर्निया, पोटातल्या गाठी अशा शस्त्रक्रियांची ख्याती मुंबई इलाख्याबाहेरही पोहोचली, आणि त्या ख्यातीनेच रोजचा खर्च भागवायला हातभार लावला.

तरी एकट्याच्या हाताला मर्यादा होती. १८९७ मध्ये वॉन्लेस यांनी मिरजेतच वैद्यकीय शाळा काढली. मिशनच्या दवाखान्यांसाठी हिंदी सहायक डॉक्टर तयार करायचे हा हेतू. मिशनतर्फे चालणाऱ्या वैद्यकीय शिक्षणाचा हिंदुस्थानातला तो अगदी सुरुवातीचा प्रयत्न होता. याचा आर्थिक अर्थही मोठा होता. परदेशी डॉक्टर आणायचा म्हणजे बोटीचे भाडे, भाषा शिकण्यात जाणारी दोन वर्षे आणि आजारी पडून परत जाण्याची भीती. इथला मुलगा शिकला की तो मराठीत किंवा कानडीत रुग्णाची तक्रार ऐकू शकतो आणि उन्हाळ्यात पळून जात नाही. त्याच रुग्णालयात परिचारिकांचेही शिक्षण सुरू झाले. ज्या काळात चांगल्या घरची मुलगी परक्या पुरुषाची सेवा कशी करणार हा प्रश्न विचारला जात होता, त्या काळात या मुली रात्रपाळी करत होत्या.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पाठोपाठ दक्षिण महाराष्ट्रात पसरला. हाफकिन यांची प्लेगची लस १८९७ मध्ये मुंबईतच तयार झाली, पण लोकांचा टोचण्यावर विश्वास बसायला वेळ लागला. प्लेग सरता सरत नव्हता, तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. दुष्काळात माणसे गाव सोडतात, आणि गाव सोडून रस्त्यावर आलेल्या माणसांत महारोगी उठून दिसू लागले.

इथे वॉन्लेस यांच्यासमोर वेगळाच प्रश्न उभा राहिला. मोतीबिंदूचा रुग्ण पंधरा दिवसांत घरी जातो आणि गावभर डॉक्टरांचे नाव घेत फिरतो. कुष्ठरोगी घरी जात नाही. त्याला घरच नसते. १८७३ मध्ये नॉर्वेत हान्सेन यांना या रोगाचा जंतू सापडला होता, पण जंतू कळला म्हणजे औषध मिळाले असे होत नाही. चौलमुग्रा जातीचे, म्हणजे आपल्याकडच्या कडू कवठीच्या जवळचे तेल पाजत. त्याने पोटात ढवळून येई आणि गुण अगदी थोडा. रोगजंतू त्वचेखालच्या मज्जातंतूंवर बसतो, हातापायांना बधिरता येते, चटका कळत नाही, जखम कळत नाही, ती सडते, बोटे झडतात. डोळ्याची पापणी मिटेनाशी झाली की डोळाही जातो. म्हणजे रोज जखमा धुणे, पट्टी बांधणे, पायात मऊ पादत्राण देणे आणि दोन वेळचे जेवण घालणे, हाच उपचार. तोही वर्षानुवर्षे. अशा रुग्णाकडून फी येणार नाही, आणि त्याच्या शेजारच्या खाटेवर फी देणारा रुग्ण झोपायला तयार होणार नाही. जे गणित मोतीबिंदूला लागू पडले ते इथे पूर्ण कोलमडले.

१८९८ मध्ये इंग्रज सरकारने महारोग्यांविषयी कायदा केला. रस्त्यावर भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात ठेवण्याची तरतूद त्यात होती. हा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता आणि पकडून ठेवणे म्हणजे सांभाळणे नव्हे. मिरजेत वेगळा भागीदार शोधावा लागला. वेलेस्ली बेली यांनी १८७४ मध्ये सुरू केलेली मिशन टू लेपर्स ही संस्था या एकाच रोगासाठी पैसा गोळा करत होती. तिची पद्धत साधी होती. प्रत्येक गावी स्वतःचे डॉक्टर आणि व्यवस्थापक नेमायचे नाहीत. तिथे आधीच काम करणाऱ्या मिशनला विचारायचे. माणसे तुमची, रोजच्या पोटापाण्याचा आणि इमारतीचा पैसा आमचा. १९०० मध्ये मिरजेचा कुष्ठाश्रम सुरू झाला. पुढे तो रिचर्डसन यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

निधी देणाऱ्याने काम करणाऱ्याची जागा घ्यायची नाही आणि काम करणाऱ्याने निधी दुसरीकडे वळवायचा नाही, हा करार ऐकायला सोपा आहे. प्रत्यक्षात तो टिकतो तेव्हाच, जेव्हा देणारा वर्षाअखेर किती जण बरे झाले असे विचारत नाही. कुष्ठरोगात त्या काळी या प्रश्नाचे उत्तर लाजिरवाणे होते. किती जणांना रोज जेवण आणि पट्टी मिळाली, एवढेच सांगता येत होते. आजच्या अनुदानाच्या अर्जात असल्या आकड्याला कोणी गुण देणार नाही. पण डॅप्सोन हे गुणकारी औषध यायला १९४० चे दशक उजाडावे लागले आणि अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवली. मधली सगळी दशके हे आश्रम जेवण आणि पट्टीवरच तग धरून होते. पुढे या औषधांचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. १९९५ पासून जपानच्या निप्पॉन फाउंडेशनने आणि २००० पासून नोव्हार्टिस या औषध कंपनीने ती जागतिक आरोग्य संघटनेमार्फत मोफत पुरवली, आणि ती रुग्णाच्या हातात ठेवण्याचे काम सरकारी आरोग्य केंद्रांनी आणि जुन्या आश्रमांनी केले. एकाने पैसा द्यायचा, दुसऱ्याने माणसे, ही तीच जुनी वाटणी.

१९०६ मध्ये मेरी वॉन्लेस यांचे निधन झाले. कोल्हापुरात त्यांच्या नावाचे रुग्णालय आहे. छत्रपती शाहू महाराजांचा मिरजेच्या या डॉक्टरांशी स्नेह होता. वॉन्लेस यांनी पुढे लिलियन यांच्याशी विवाह केला. १९१० नंतर डॉ. चार्ल्स व्हेल हे दुसरे निष्णात शल्यविशारद मिरजेत आले आणि कामाचा भार वाटला गेला. जबाबदारी सोडायची तर ती घ्यायला माणूस आधी तयार असावा लागतो, हे अनेक मोठ्या डॉक्टरांना उमगत नाही. वॉन्लेस यांनी निवृत्तीच्या बऱ्याच आधी ती तजवीज केली होती.

शेवटचा मोठा उद्योग क्षयरोगाचा. कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला, पण औषध म्हणून डॉक्टरांच्या हाती होते ते मोकळी हवा, विश्रांती, दूध आणि अंडी. सातारा जिल्ह्यात पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर हे आरोग्यधाम उभे केले होते. पाचगणीची हवा थंड आणि कोरडी, पण तो घाट चढून तिथे महिनोनमहिने राहणे कृष्णाकाठच्या शेतमजुराला परवडणारे नव्हते. १९२० मध्ये वॉन्लेस यांनी मिरजेजवळच्या मोकळ्या माळावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केले. डोंगर नव्हता, पण उघडे व्हरांडे, कोरडी हवा आणि रेल्वे जवळ. उच्चभ्रू समजला जाणारा उपचार त्यांनी सपाटीवर आणला. तिथला रुग्ण सहा-सहा महिने, कधी वर्षभर पडून राही. कुटुंबाचा मिळवता हात आडवा झाल्यावर त्याच्या अंड्या-दुधाचे पैसे कोण भरणार हा प्रश्न कुष्ठाश्रमाइतकाच अवघड होता, फरक एवढाच की क्षयाच्या रुग्णांत सधन घरचेही होते आणि त्यांच्याकडून काही वसूल होत असे. या आरोग्यधामाभोवती जी वस्ती झाली ती वानलेसवाडी.

कैसर-ए-हिंद पदक मिळाले, १९२८ मध्ये सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी जवळजवळ चाळीस वर्षांच्या कामानंतर वॉन्लेस निवृत्त होऊन अमेरिकेला गेले. १९३२ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९३३ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९४४ मध्ये, क्षयाच्या रुग्णाला स्ट्रेप्टोमायसिन पहिल्यांदा टोचले गेले, आणि आरोग्यधामात वर्षभर पडून राहण्याची गरज हळूहळू कमी होत गेली. १९६२ मध्ये मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या विद्यार्थ्यांनी रुग्ण तपासायला शिकायचे होते, आणि त्यासाठी लागणाऱ्या खाटा, परिचारिका आणि शस्त्रक्रियागृहे असलेला मिशन दवाखाना गावात अडुसष्ट वर्षांपासून उभा होता.